मुलगी ठणठणीत आहे

माणूस कोर्टात लंगडत आला की मला हायसं वाटायचं. ऐकायला हे राक्षसी वाटेल, मान्य आहे. पण मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे लढवण्यात जिची उभी हयात गेली, त्या बाईकडून तुम्ही दुसरं काय ऐकणार? लंगडणाऱ्याने लंगडतच यावं, ज्याचा हात वर जात नाही त्याने तो जात नाही असंच दाखवावं, एवढंच माझं मागणं असायचं. आणि आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडची माणसं नेमकं तेवढंच करायची नाहीत. कोर्टाची तारीख म्हणजे साखरपुडा असल्यासारखी यायची. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि घरून निघताना कुणीतरी बजावलेलं, "चारचौघांत नीट चाल हां, लोक बघतात."

अरे, बघू देत ना लोक! त्यासाठीच तर जातोय आपण तिथे! मी घसा फोडून सांगायचे, "बाबांनो, खोटं बोलू नका, पण खरं आहे ते झाकू तरी नका." समोरचा मान डोलवायचा आणि तारखेला पुन्हा तेच करायचा.

ज्यांना या भानगडीत पडावं लागलं नाही, आणि कधी न लागो, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाडीने तुम्हाला उडवलं आणि चूक गाडीवाल्याची असली, तर त्या गाडीचा विमा ज्या कंपनीचा असेल तिने तुमचं नुकसान भरून द्यायचं. नुकसान म्हणजे दवाखान्याचा खर्च, बुडालेला रोजगार आणि शरीरात कायमचं जे अधू राहून गेलं त्याचा मोबदला. तो ठरवायला वेगळं न्यायाधिकरण असतं. आमच्याकडे त्याला सगळे 'क्लेमचं कोर्ट' म्हणतात. तिथे काय भोगलं ते तुम्ही सिद्ध करायचं आणि कंपनीने म्हणायचं, छे, एवढं काही झालेलं नाही. त्यात कंपनीलाही फार दोष देता येत नाही. बोटाला चिंधी बांधून हात गेला म्हणणारेही मी पाहिलेत.

पण खरोखर ज्यांचं नुकसान झालं, त्यांनी कोर्टाची पायरी चढण्याआधीच अर्धी केस आपल्या हाताने बुडवलेली असायची. चामटोलीच्या एका गृहस्थांना जीपने उडवलं. जीप कुणाची, तर बहिणीच्या दिराची. नात्यात वाकडं यायला नको म्हणून या भल्या माणसाने दवाखान्यात सांगितलं, आंब्यावरून पडलो. अहो, पैसे विमा कंपनी देणार होती, दिराच्या खिशाला कुठे हात लागत होता? पण हे त्यांना उमगेपर्यंत तो आंबा दवाखान्याच्या कागदावर चढून बसला होता, काही केल्या खाली उतरेना. शहाडच्या एका कामगाराने धडक देणाऱ्या टेम्पोच्या मालकाकडून रस्त्यावरच थोडे पैसे घेतले, 'आपसात मिटलं' म्हणून सही दिली, आणि नंतर कळलं की मणक्याला मार लागलाय. बदलापूरचा एक रंगकामाचा ठेकेदार माझ्यापाशी मोठी कमाई सांगायचा. मी म्हटलं, "टॅक्स भरल्याचं दाखवा." तर म्हणतो कसा, "मॅडम, टॅक्सवाल्यांसाठी मी गरीब आहे. खराखुरा नाही."

या तिघांसाठी मला फारसं काही करता आलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे. आज मात्र सांगायची आहे ती मनीषाची गोष्ट. दोन हजार सालानंतरची, मोबाईल नुकते हातोहाती दिसायला लागले होते तेव्हाची. तिच्या वेळी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मनीषा अंबरनाथची. वडील ती लहान असतानाच गेलेले. घरात ती आणि तिची आई शालनताई, दोघीच. शालनताई एका बालवाडीत मदतनीस होत्या. माझं ऑफिस उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये (आमच्याकडे वस्त्यांना कॅम्पच म्हणतात), एका कापडदुकानाच्या वर. जिना अरुंद आणि उभा. पहिल्यांदा आल्या तेव्हा शालनताई वर आल्या, "जयभीम मॅडम" म्हणाल्या आणि त्यांनी खाली बोट दाखवलं. मी खिडकीतून डोकावलं तर मुलगी खाली दुकानाच्या पायरीशी काठी टेकून उभी. जिना चढणं तिच्याने होणार नव्हतं. मीच खाली उतरले.

पोरगी तेविशीची असेल. कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात पॉवर मशीनवर, म्हणजे विजेच्या शिलाई मशीनवर बसायची. आमच्या उल्हासनगरात गल्लोगल्ली हे कारखाने. काम पीसवर, जितके पीस तितके पैसे, आणि मनीषाचा हात असा चालायचा म्हणे की शेठ इतर बायकांना तिचं उदाहरण द्यायचा. एका सकाळी शेअर रिक्षाने कामावर निघाली असताना मागून पाण्याचा टँकर आला आणि त्याने रिक्षा उलटवली. बाकीच्यांना खरचटलं. मनीषाचा उजवा गुडघा फुटला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण गुडघा वाकेचना. आणि मशीनचं पायडल दाबायचं ते उजव्याच पायाने. त्यामुळे ती घरी बसून जीन्सचे धागे कापायचं काम करायला लागली, ज्यात चहापाण्यापुरतंही सुटत नाही. विहारात वंदनेला सगळे खाली बसायचे, ही एकटी भिंतीला टेकून उभी राहायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसरं ऑपरेशन केलं तर गुडघा बराचसा वाकेल, मशीनवर बसता येईल. पण उशीर करू नका, जितकं थांबाल तितका सांधा आखडत जाईल. ऑपरेशनला पैसा लागणार होता आणि तो येणार होता फक्त क्लेममधून. दावा जिंकला तर पाय, हरला तर जन्मभर धागे, इतकं ते सरळ होतं.

केस चांगली होती. टँकरची चूक उघड होती, दवाखान्याचे कागद व्यवस्थित होते, डॉक्टर साक्षीला यायला तयार होते. मी निर्धास्त होते. इथेच माझी खरी ओळख शालनताईंशी व्हायची होती.

पुढचा भाग मला नंतर कळला, पण तुम्हाला आधी सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही. मनीषाची साक्ष व्हायच्या काही दिवस आधी शालनताईंच्या दारात एक गृहस्थ उभे राहिले. सफारी घातलेले, हातात पेढ्यांचा पुडा, बोलणं मधाळ. "माझा पुतण्या आहे, कल्याणला कंपनीत पर्मनंट. तुमच्या मुलीचं ओळखीतून कळलं, म्हटलं सहज बघून यावं." शालनताईंना आभाळ ठेंगणं झालं. अपघातापासून त्या दारात स्थळ म्हणून कुणी फिरकलं नव्हतं. घाईघाईने पोहे टाकले. मनीषा आत खाटेवर बसली होती, तिला खुणेनेच बजावलं, बाहेर यायचं नाही. आणि पाहुण्यांना सांगितलं, मुलगी कामावर गेलीय.

पाहुण्यांनी पोहे खाता खाता हळूच विषय काढला. "मुलीला काही अपघात झाला होता म्हणे?"

"अपघात कसला हो," शालनताई म्हणाल्या, "जरा खरचटलं होतं. आता मुलगी ठणठणीत आहे. परवाच मलंगगड चढून आली."

मलंगगड! जिला माझ्या ऑफिसचा जिना चढता येत नाही, तिला आईने गड चढवला! मनीषा पडद्याच्या फटीतून सगळं बघत होती, ऐकत होती. पाहुणे गेल्यावर तिने आईला विचारलं, "आई, उद्या त्याला पाय दिसेल तेव्हा काय करशील?" शालनताई म्हणाल्या, "तोवर ऑपरेशन होईल." आणि या स्थळाबद्दल मला अवाक्षर सांगायचं नाही, असंही ठरलं. लग्न ठरेपर्यंत बाहेर वाच्यता करू नये, दृष्ट लागते, म्हणून.

साक्षीचा दिवस उजाडला. आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. मी फाईल चाळत होते. मनीषा शेजारी, तिची काठी गुडघ्याशी टेकवलेली. विमा कंपनीचे वकील देसाई आले, हसून नमस्कार केला. देसाई माणूस वाईट नाही, पण त्यांचं ते हसू मला कधी आवडलं नाही. त्यांच्या मागून सफारीतले एक गृहस्थ आत गेले. मला वाटलं, कंपनीचा कारकून असेल.

शालनताईंनी मात्र त्यांना ओळखलं. अगं बाई, पाहुणे! त्या माउलीच्या डोक्यात काय आलं असेल सांगा? स्थळ चौकशी करत करत कोर्टापर्यंत येऊन पोहोचलं! त्यांनी माझ्या नकळत मनीषाची काठी उचलली, बाकामागे सारली आणि तिच्या कानात म्हणाल्या, "मने, पाहुणे आत आहेत. नीट चाल."

पुकारा झाला. मी पुढे गेले आणि मागे वळून बघते तर काय, मनीषा काठीशिवाय येतेय! ओठ दाताखाली धरलेला, घामाने कपाळ भिजलेलं, पण चाल सरळ. पायात काही नाहीच असं दाखवायचा आटापिटा. दारापासून साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत ती तशी चालली आणि जजसाहेब चष्म्यावरून बघत होते. माझ्या पायाखालची वाळू सरकली. अगं, हे काय करतेस, असं ओरडावंसं वाटलं, पण कोर्टात ओरडता येत नाही.

देसाई उलटतपासाला उठले. "तुम्ही आत्ता काठी न घेता चालत आलात, बरोबर?"

"हो."

"अलीकडेच तुम्ही मलंगगड चढून आलात, हेही खरं ना?"

मी ताडकन उभी राहिले. "साहेब, हे कुठून काढलं यांनी?"

"साक्षीदाराच्या आईनेच सांगितलंय," देसाई शांतपणे म्हणाले. "ज्यांना सांगितलं ते इथेच हजर आहेत." आणि त्यांनी मागच्या बाकावरच्या सफारीकडे हात केला.

मला काही कळेना. मी शालनताईंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता आणि त्या मुलीकडे बघून बारीक मान हलवत होत्या, नको, बोलू नको. मनीषा आईकडे बघत होती, मग तिने त्या माणसाकडे बघितलं. तिला अजूनही तो मुलाचा काकाच वाटत होता. ती मला नंतर म्हणाली, "मला वाटलं, काका चौकशीला आले असतील आणि बोलता बोलता त्या वकिलांना सांगून बसले असतील." म्हणजे बघा, खरं बोलावं तर तिच्या समजुतीप्रमाणे लग्न मोडत होतं, तेही पाहुण्यांच्या तोंडावर. खोटं बोलावं तर पाय जात होता. मी काही सुचवू शकत नव्हते. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला वकील खूणसुद्धा करू शकत नाही.

"साहेब," ती जजसाहेबांना म्हणाली, "मी गड नाही चढले. मला घरातला उंबरा ओलांडताना भिंत धरावी लागते. आई खोटं बोलली. माझं लग्न जमावं म्हणून बोलली."

मग ती मागच्या बाकाकडे वळली आणि सरळ त्या माणसाशीच बोलायला लागली. "काका, तुम्ही आलात तेव्हा मी कामावर गेले नव्हते. आतच होते, पडद्यामागे. बाहेर आले असते तर तुम्हाला पाय दिसला असता. आईच्या वतीने मी माफी मागते. तुमच्या पुतण्याला खरं काय ते सांगा. तो नाही म्हणाला तरी चालेल."

टाइप करणारी बाईसुद्धा थांबली. आणि तो सफारीवाला? त्याची मान जी खाली गेली ती वर येईना.

"हे गृहस्थ कोण?" जजसाहेबांनी विचारलं.

देसाई चाचरले. "साहेब, कंपनीचे... चौकशी अधिकारी."

"उभे राहा. पुतण्या आहे तुम्हाला?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने सांगा."

"नाही, साहेब."

"मुलगी आहे?"

"एक आहे, साहेब."

"तिला स्थळ येतं तेव्हा घरात काय काय सांगता? तिचं सगळं दुखणंखुपणं वाचून दाखवता?"

देसाईंनी फाईल मिटली आणि म्हणाले, "साहेब, या अधिकाऱ्यांची साक्ष मला घ्यायची नाही."

मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच मागून आवाज आला, "म्हणजे मुलगाच नाही?" शालनताई उठून उभ्या राहिल्या होत्या. शिपाई "ओ बाई, खाली बसा" करत धावला, पण त्या कुठल्या ऐकतायत! "अहो, मी विहारात पाच जणींना सांगून बसले! मुलगाच नव्हता तर आलात कशाला? माझ्या घरचे पोहे खाऊन गेलात की हो! दोनदा मागून घेतले!"

कोर्टात हसू फुटलं. जजसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. आणि पिंजऱ्यात मनीषा हसली. मी त्या मुलीला तोवर कधी हसताना पाहिलं नव्हतं, आणि ती हसायला लागली ती थांबेचना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बाई," जजसाहेब शालनताईंना म्हणाले, "मुलीची काठी कुठे आहे? आणून द्या तिला."

शालनताई बाहेर गेल्या, बाकामागून काठी काढली आणि भरल्या कोर्टात, सगळ्यांच्या देखत, पुढे येऊन लेकीच्या हातात दिली. साहेबांनी मनीषाला काठी घेऊन आणि काठीशिवाय थोडं चालायला लावलं, गुडघा किती वाकतो ते पाहिलं, आणि पाहिलेलं सगळं नोंदवून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर आल्यावर मात्र मी शालनताईंवर तोंडसुख घेतलं. "अक्कल गहाण ठेवली होती का तुम्ही? पोरीचा पाय घालवला असतात हातचा!" त्या खाली मान घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, पाय आज ना उद्या बरा होईल. पण एकदा 'लंगडी' म्हणून नाव पडलं ना, की ते कुठल्या ऑपरेशनने जात नाही. तुम्हाला नाही कळायचं." मला कळत होतं. माझा राग तिथेच विरला आणि मी तिघींसाठी चहा सांगितला. तो सफारीवाला जाताना शालनताईंसमोर हात जोडून क्षणभर उभा राहिला. त्यांनी तोंड फिरवलं.

यथावकाश निकाल आमच्या बाजूने लागला. डॉक्टरांची साक्ष भक्कम झाली होती, आणि कंपनीने अपील केलं नाही. ऑपरेशन झालं. गुडघा पुरता वाकत नाही, चालताना थोडं जाणवतंच, पण पायडल दाबता येतं. मनीषा पुन्हा मशीनवर बसली तेव्हा शेठने कारखान्यात समोसे वाटले म्हणे. मी घरी त्या रात्री गाढ झोपले, इतकं खरं.

त्या केसनंतर मी पक्षकाराला पहिला प्रश्न अपघाताचा विचारत नसे. विचारायचे, "घरात लग्नाचं कुणी आहे का?" माणसं चक्रावायची. पण दवाखान्यात काय सांगितलं, कुठे सही केली, हे सगळं मला नंतर कागदांवरून कळू शकत होतं. दारात आलेल्या पाहुण्याला काय सांगितलं ते कळत नव्हतं. मी बजावायचे, दुखणं जसं आहे तसं सगळ्यांना सारखंच सांगा. डॉक्टरला, पोलिसाला, शेजाऱ्याला आणि सोयऱ्यालासुद्धा.

पुढे एकदा त्या दोघी ऑफिसात आल्या. मनीषा जिना चढून आली, मधे एकदाच थांबली. मी विचारलं, "काय गं, काही नवीन?" तर शालनताई लाजल्या आणि मनीषाच सांगायला लागली. बदलापूरच्या मांजर्लीचं स्थळ आलं होतं. या वेळी मुलगा आणि त्याची आई, दोघं स्वतः.

"आईने त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही मॅडम," मनीषा म्हणाली. "दारातच विचारलं, तुम्ही इन्शुरन्सवाले तर नाही ना? ती बिचारी म्हणाली, नाही हो, मी भाजी विकते. मग आईने त्यांना आत घेतलं आणि पोहे टाकायच्या आधी सगळं सांगून टाकलं. टँकर, ऑपरेशन, मलंगगड, सगळं."

"मग?"

"मुलाची आई म्हणाली, मशीन चालवते ना? आई म्हणाली, चालवते. तर म्हणे, मग बोलवा की तिला बाहेर."

"आणि तू?"

"मी पोह्यांचा ट्रे घेऊन निघाले. मुद्दाम नीट चालले नाही, मॅडम. जशी चालते तशीच गेले, लंगडत. ट्रे हलायला लागला, चमचे वाजायला लागले. मला वाटलं, आता हा खाली बघेल नाहीतर भिंतीकडे बघेल. तर माझ्याकडे बघून म्हणतो कसा, 'सावकाश या, मी कुठे पळून चाललोय.'"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? हो म्हणून टाकलं."